लोखंड बाहेर ठेवून

४ मार्च

ठिणगे,

अजून पडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की घडी घालून ठेवायचं ते तुझं तू ठरव.

जाताना दारात बॅग टेकवून तू म्हणालीस, "ते पडलं की कळवा, मी न्यायला येईन. त्याआधी बोलावू नका. आणि फोन नको, लिहा. फोनवर तुम्ही नुसतं ऐकता." खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी "बरं" म्हटलं. धंद्यात आयुष्यभर समोरच्याच्या पहिल्या बोलीला मी कधी हो म्हटलं नाही, आणि पोटच्या पोरीच्या पहिल्याच बोलीला मान डोलावून बसलो.

तुझी खोली आहे तशी आहे. तुझ्या आईची कामाची खोलीही. मेजावर ती काचेची पेटी, पेटीत मी ओतून दिलेल्या बिस्मथच्या दोन वड्या, एक खाली, एक वर, आणि मधल्या बोटभर जागेत डाळीएवढं चुंबक, कशालाही न टेकता. वर उभ्या दांडीच्या टोकाला टांगलेलं थोरलं चुंबक त्याला वर ओढतं, पृथ्वी खाली ओढते. नुसत्या या दोघांच्या ओढाताणीत ते डोळ्याचं पातं लवेपर्यंतही टिकलं नसतं. ते टिकतं वड्यांमुळे. खाली झुकलं की खालची वडी हळूच "नको" म्हणते, वर गेलं की वरची. तुझी आई याला प्रतिचुंबकत्व म्हणायची. मी म्हणायचो, "एवढ्या लांब नावाचा एवढासा जोर?" ती म्हणायची, "जोर एवढासाच असतो. पण तो कधी संपत नाही."

हे तुला सांगायची गरज नाही. पण लिहायला बसलो की हात आपोआप त्या पेटीकडे जातो.

तबकही तिथेच आहे, दाराबाहेरच्या स्टुलावर. आपल्या घरी पाहुणे चपला काढायचे, आणि या खोलीशी आले की किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं लोखंड तबकात. तुझा मामा एकदा विसरून खिशात पाना घेऊन आत गेला आणि डाळ फट्‌दिशी काचेला चिकटली. तुझी आई त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती. तिच्या केसांच्या पिना अजून तबकात आहेत. आत जाताना काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच.

तुझा राग मला ठाऊक आहे. तुझ्या आईचं दुखणं मला पहिल्यापासून माहीत होतं, तुला शेवटच्या आठवड्यात कळलं. तिने मला शब्दात बांधलं होतं. हे मी तेव्हाच सांगितलं, आणि तू म्हणालीस, "तुम्हाला सगळं ऐकू येतं, सांगता मात्र काहीच येत नाही." वाक्य चांगलं आहे. मी कारखान्यात दोघांना ऐकवलं, कोण म्हणालं ते न सांगता.

तर आता उन्हाळा येतोय. उन्हाने थोरलं चुंबक मंदावतं आणि डाळ खाली बसते. दरवर्षी तुझी आई मार्चपासून स्क्रू पिळून थोरलं चुंबक जरा जरा खाली आणत असायची. आता पिळणारं कुणी नाही. मी हात लावणार नाही, फुंकरही मारणार नाही, तुला कळेल. नुसती वाट बघेन. वाट बघायला कुणाची हरकत नसावी.

बाबा


१७ एप्रिल

ठिणगे,

पडलेलं नाही.

कारखान्यात भट्टीशी उभं राहवत नाही इतकं तापलंय. तिकडच्या थंडीत तुला खरं वाटणार नाही, पण कालच्या दुपारी खिडकीच्या कठड्यावर ठेवलेलं धातूचं बूच मऊ पडलं. आपली बुचं आगीत वितळावीत म्हणून बनवतो आपण, छतातल्या फवाऱ्याचं तोंड उघडावं म्हणून. नुसत्या उन्हाने ती घाम गाळायला लागली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? मिस्त्री म्हणाला, "मालक, गिऱ्हाईक म्हणेल, दुकान फार इमानदार आहे, आग लागायच्या आधीच माल चालतो." हसलो. मग बघितलं तर मिश्रणच चुकलं होतं. शिसं म्हणून दुसरीच कांब पडली होती आणि ती मीच निवडली होती.

तुला माहीत आहे, मी धातू डोळ्याने निवडत नाही. कांबीवर कांब मारायची आणि ऐकायचं. शिसं मुकं, कथिल वाकवलं की रडतं, बिस्मथ काचेसारखं बोलतं. आठवीत दोनदा बसलेला माणूस या दोन कानांवर कारखान्याचा मालक झाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कान फसला. त्यानंतरची प्रत्येक कांब मिस्त्रीने स्वतः उचलली. उन्हाळ्यात असं होतं.

आता एक गोष्ट. हसू नकोस.

पेटीतून आवाज येतो.

संध्याकाळी कारखान्यातून आलो की मी तबकात किल्ल्या ठेवतो आणि त्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसतो. पेटी डाव्या हाताला असते. पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं शेजारचा पंखा. मग वाटलं नळ. पण नळ आणि पंखा बंद झाले तरी तो राहतो. बारीक, एका सुरात, तोंड मिटून केल्यासारखा. तुझी आई वह्या तपासताना करायची तसा. गाणं नाही, चाल नाही, नुसती गुणगुण, जी तिला स्वतःलाच माहीत नसायची.

परवा मिस्त्रीला घरी आणलं, चहाच्या निमित्ताने. त्याला आत बसवलं. म्हटलं, "काही ऐकू येतंय?"

"काय ऐकू यायला पाहिजे?"

"तेच विचारतोय."

त्याने मान तिरकी केली, बराच वेळ बसला. मग म्हणाला, "मालक, तुमचे कान आणि माझे कान यांचं कधी जुळलंय?" जाताना मात्र तबकातला आपला स्क्रूड्रायव्हर उचलताना पिनांकडे बघून थबकला.

उन्हाने डाळ पडायला हवी होती. पडत नाही. कुणीतरी धरून ठेवलीय असं वाटायला लागलं आहे. आणि धरणारं कोण, याचा विचार केला की मला वाईट वाटतं. तू येऊ नयेस असं तिला का वाटावं?

बाबा


९ मे

ठिणगे,

नाही पडलं. पण का पडत नाही ते सापडलं.

भर दुपारी घरी आलो होतो. खोलीत शिरलो आणि उजव्या कानाने ऐकलं, कट्‌. थोड्या वेळाने पुन्हा कट्‌. ही गुणगुण नव्हे. हा सांध्यात काहीतरी ताणलं जाण्याचा आवाज. असल्या आवाजात माझा हात कुणी धरणार नाही. पेटीच्या वरच्या चौकटीकडे बघितलं. थोरलं चुंबक ज्या दांडीला टांगलंय ती मला कायम लाकडी वाटायची, कारण तुझ्या आईने तिला लाकडी रंग दिला होता. नख लावलं. लाकूड नव्हे. नायलॉन.

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "हो की. बाईंनीच करून घेतली. तीनदा. पहिली आखूड झाली, दुसरी लांब झाली. तिसऱ्या वेळी खुर्चीत बसूनच माप सांगितलं, उभं राहवत नव्हतं त्यांना. मला म्हणाल्या, मालकांना सांगू नको, ते म्हणतील दुखण्यात हे काय."

आता कळलं तुला. तुला माझ्याआधी कळलं असेल. ऊन वाढलं की चुंबक मंदावतं, पण त्याच उन्हाने नायलॉन लांबतं, आणि थोरलं चुंबक केसभर खाली येतं, डाळीच्या जवळ. जेवढा जोर गेला तेवढं अंतर घटलं. थंडीत उलटं. स्क्रू पिळायला माणूस नको. तुझ्या आईने ती पेटी अशी करून ठेवली की आपल्यामागे पेटीकडे कुणाला बघावं लागू नये.

मला तो फोनही आठवला. ती पलंगावर उशीला टेकून तुझ्याशी बोलत होती, मी व्हरांड्यात बुचांच्या पेट्या मोजत होतो. ती म्हणाली, "अमुक इतकी लांबी घेतली तर एका अंशाला किती वाढेल, काढून दे ना. शाळेच्या प्रदर्शनासाठी हवंय." तू काढून दिलंस. तिने तुला शाबासकी दिली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ डोळ्यांवर हात ठेवून पडली. तुला प्रदर्शन वाटलं. मला काहीच वाटलं नाही, कारण लांबी, अंश, हे तुम्हा दोघींचं नेहमीचं. ऐकलं सगळं, समजलं आत्ता.

म्हणजे ते हातानेच धरलेलं आहे, आणि त्या हातात एक हात तुझाही आहे.

एक विचारतो. "पडलं की येईन" असं तू म्हणालीस तेव्हा तुला ती दांडी माहीत होती का? माहीत असेल तर तू धंद्यात यायला हवी होतीस, असला सौदा मलाही जमला नसता. माहीत नसेल तर आपण दोघंही एकाच बाईच्या हातून फसलो.

रागाने विचारत नाही. नाही सांगितलंस तरी चालेल.

अजून एक, आणि हे मी लिहावं की नाही असं दोनदा वाटलं. त्या खिडकीतून आता संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं म्हणून मी काल खुर्ची पलीकडे नेली, तोंड फिरवून. आता पेटी उजव्या हाताला आली आणि डावीकडे नुसती भिंत. बसलो. गुणगुण सुरू झाली. डावीकडूनच. भिंतीतून.

उजवीकडे पेटी गप्प.

पहिल्यांदा मनात आलं ते असं, की तुझी आई उठून भिंतीकडे गेली. मी चक्क म्हणालो, "अगं, तिकडे कुठे?" मोठ्याने. मग उठलो, स्वयंपाकघरात गेलो, तिथे फ्रीजकडे पाठ करून उभा राहिलो. डावीकडेच. जिन्यात. कारखान्यात. डावीकडेच.

बरं, ते राहू दे. मिस्त्री हल्ली माझ्या उजव्या बाजूने चालतो. मी विचारलं का, तर म्हणाला, "सावली त्या बाजूला पडते."

बाबा


२ जून

ठिणगे,

पडलेलं नाही, आता पडायची वाटही बघत नाही.

आज तुझ्या विषयातली एक गंमत लिहितो. माझ्या ओळखीचा एक गृहस्थ आहे, माझ्याच वयाचा, धंदेवाला. त्याला दवाखान्यात त्या मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात घालून फोटो काढायचे होते. एकटा होता, म्हणून मी सोबत गेलो. केवढं यंत्र! आपल्या भट्टीएवढं, आणि आत शिरायला बोळकांडी. मला वाटलं, तुझी आई असती तर पेशंटला बाहेर बसवून आपणच आत शिरली असती.

तिथली यंत्रावरची मुलगी तुझ्याच वयाची. तिचं रोजचं पाठ केलेलं असतं, "काका, अंगावर काही लोखंडी? किल्ल्या, घड्याळ, नाणी?" पण तिने तोंड उघडायच्या आधीच या गृहस्थाने दाराबाहेरच्या ताटलीत सगळं काढून ठेवलं होतं. किल्ल्या, घड्याळ, पट्टा, चष्म्याची डबीसुद्धा, तिचा चाप लोखंडी असतो म्हणून. मुलगी बघतच राहिली. म्हणाली, "आधी येऊन गेलात वाटतं?"

तो म्हणाला, "नाही हो. घरी सवय आहे."

मग त्याने तिला विचारलं, "माणूस आत गेला की चुंबक त्याला ओढतं का?" ती म्हणाली, "नाही काका, माणसाला काही होत नाही." तो म्हणाला, "होतं. माणूस म्हणजे बहुतेक पाणी, आणि पाणी चुंबकाला नको म्हणतं. लाकूडही म्हणतं, तांबंही म्हणतं, सोनंही म्हणतं. बायको द्राक्षं दोऱ्याला टांगून दाखवायची, चुंबक जवळ नेलं की हळूच तोंड फिरवायची. माणूसही फिरवतो, पण इतकं हळू की त्याचं त्याला कळत नाही." मुलगी हसली, त्याच्या कानात कापूस घातला आणि म्हणाली, "हलू नका हं, बोलूही नका." त्याला म्हणे दोन्ही चांगलं जमतं.

आत ठोकाठोकी फार असते. आपल्या प्रेससारखी, पण ताल चुकलेली. त्या गृहस्थाने सांगितलं, एवढ्या गदारोळातही त्याला एक बारीक आवाज वेगळा ऐकू येत होता आणि त्याला बरं वाटत होतं.

फोटोत काय निघालं ते काही विशेष नाही. डॉक्टर सांगतील. गृहस्थ ठणठणीत आहे.

तुझ्याकडे थंडी संपली असेल. पंख्याशी झोपू नकोस.

बाबा


२४ जून

ठिणगे,

तुझं पत्र आलं. एवढ्या महिन्यांत पहिलं, आणि तेही एका ओळीचं. "बाबा, ही सवय आणखी कोणाच्या घरी आहे?"

पाकिटात दुसरा कागद असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. मिस्त्री समोर होता. त्याला वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. म्हणाला, "मालक, चोरी करायची तर आपल्या घरची खूण तरी मागे ठेवू नये." मग हसू पुसून म्हणाला, "आता सांगा पोरीला. नाहीतर मी सांगतो, आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे मी थेट तिकडेच जाईन."

कोणाच्याही घरी नाही. तो गृहस्थ मीच.

डाव्या कानाच्या आत, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ आहे. वाटाण्याएवढी. डॉक्टर म्हणतात वाईट जातीची नाही, पण वाढते आहे, आणि वाढून जिथे पोचेल तिथे जागा कमी आहे. काढावी लागेल. काढताना डावा कान जाईल. कांब चुकली ती म्हणूनच, आणि मिस्त्रीची सावली उजवीकडे पडते तीही म्हणूनच. मागचं पत्र लिहिलं तेव्हा मला हे कळलेलं होतं. "काही विशेष नाही" लिहिताना लेखणी जराही अडली नाही, याचंच मला नंतर भय वाटलं. तुझ्या आईने मला शब्दात बांधलं होतं. या वेळी मला कुणी बांधलेलं नव्हतं. माझा मीच दोर घेऊन बसलो होतो.

आणि ती गुणगुण गाठीची आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नस दबली की कान स्वतःच आवाज बनवतो, बाहेर काही नसतं. चांगले आहेत, हसले नाहीत. मी विचारलं, "गाठ काढली की आवाज जाईल?" ते म्हणाले, "जाईल, किंवा राहील. काहींचा राहतो. ऐकू येणं जातं, आवाज राहतो. आधी सांगता येत नाही."

शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी विचारली. मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेली नाही. का ते तुला सांगतो, डॉक्टरांना सांगणं शक्य नव्हतं. मला समजलंय की ती तुझी आई नाही. पेटी नाही, भिंत नाही, माझीच दबलेली नस आहे. समजलं तरी संध्याकाळी मी त्या खोलीत जाऊन बसतो, आणि ती सुरू झाली की मान थोडी डावीकडे झुकते. ती घालवायला सही करायची म्हटलं की हात उचलत नाही. काल बसल्या बसल्या मी तिला विचारलंसुद्धा, "काय करू?" ती आपली एका सुरात. तिने हयातीतही माझ्या प्रश्नाला कधी सरळ उत्तर दिलं नव्हतं, म्हणून क्षणभर पुन्हा तीच वाटली.

डॉक्टर म्हणतात फार थांबू नका. मिस्त्री म्हणतो अजिबात थांबू नका. दोघांचंही बरोबर आहे. पण सही करताना शेजारी कुणीतरी असावं, जिने ती खरी गुणगुण ऐकलेली आहे. अशी माणसं जगात आता दोनच उरलीत, आणि त्यातल्या एकाचा कान जायचा आहे. उद्या माझ्याकडून सूर सुटला तर "बाबा, असा नाही, असा" म्हणून धरून देणारं कुणीतरी हवं.

दांडीचं तू काही लिहिलं नाहीस. नको लिहू.

पेटीतलं पडलेलं नाही. पडणार नाही, तुम्ही दोघींनी मिळून तशी सोयच ठेवलेली नाही. मी ते पाडणारही नाही. तू सांगितलेली अट पुरी झालेली नाही, ती मोडून मी बोलावतो आहे. ये.

तबक पुसून ठेवलंय. एका कडेला तुझ्या आईच्या पिना आहेत, त्या हलवल्या नाहीत. दुसऱ्या कडेला माझ्या किल्ल्या. मधे जागा केली आहे.

बाबा